जास्तीची वायर

माझी एक खोड आहे, गाडीत कुठे जास्तीची वायर लोंबकळताना दिसली की मला राहवत नाही. नाशिकच्या आडगावला ट्रक टर्मिनलच्या बाजूला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, १६ वर्षं झाली, आणि गिऱ्हाईक येतं तेच मुळी काम साफ असतं म्हणून, कुठे वेटोळी नाहीत की टेपचे गठ्ठे नाहीत. तर याच खोडीने मागच्या थंडीत माझी कशी जिरली ते सांगतो.

सकाळी सकाळी एक पुलर आला. पुलर म्हणजे ते धूड, जे मागे हायड्रॉलिक अॅक्सलवर ट्रान्सफॉर्मर वगैरे ओढत नेतं. पुढे पायलट बोलेरो, मागे हेल्परची गाडी, आणि कसारा घाटात मोबाईलची रेंज गेली की यांची बोंब, पुढच्याने कितीही ओरडावं, मागच्याला काही कळत नाही. म्हणून शेठने तीन सीबी रेडिओ आणले होते, माईक दाबून या गाडीतून त्या गाडीत बोलायचे सेट. दोन छोट्या गाड्यांना चुंबकवाली एकेक अँटेना, टपावर ठेवली की झालं, आणि पुलरला मात्र दोन, डाव्या उजव्या आरशाला एकेक. मी कार टेप, जीपीएस, कॅमेरे ढिगाने बसवलेत, पण हे आयुष्यात पहिल्यांदा. तरी म्हणलं त्यात काय, अँटेना ती अँटेना.

पुलर चालवणारे काका निफाडकडचे. ते म्हणाले, "दादा, दोन बॅटऱ्या आहेत ना, एकीवरूनच घ्या की बारा व्होल्ट." असं करायचं नसतं, २४ व्होल्टच्या गाडीत एकाच बॅटरीतून सप्लाय ओढला की ती कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन मरते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर टाकला. एवढं तरी मला येत होतं.

मग अँटेनाच्या वायरी. एक प्लग सेटकडे, तिथून दोन फाटे, प्रत्येक फाटा १८ फुटांचा. सेट बसणार काकांच्या डोक्यावर, टपाच्या कप्प्यात, तिथून उजवा आरसा किती लांब असेल? म्हणलं या परदेशी लोकांचे ट्रक मोठे असतील म्हणून एवढी दिलीय. उजवीकडची ९ फुटांवर कापली, डावीकडची १२ वर, नवीन प्लग सोल्डर केले, क्लिपा मारल्या, असं देखणं काम की मी मोबाईलवर फोटो काढला.

सेट चालू केला, माईक दाबला, बोलेरो समोरच्या टपरीपाशी उभी होती तिथपर्यंत ऐकू गेलं. बोलेरो जत्रा हॉटेलपर्यंत नेली तर नुसती खरखर! सेट बदलून पाहिला, तेच.

आमच्या कॉलनीत एक सर आहेत, पॉलिटेक्निकला शिकवून रिटायर झालेले, हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेने वायरलेस सेट चालवायचा नाद. त्यांना फोन केला तर पहिलं वाक्य, "माईक दाबून धरू नकोस, आतला ट्रान्झिस्टर जाईल." अर्ध्या तासात अॅक्टिव्हावर हजर, डिकीत एसडब्ल्यूआर मीटर. मीटर लावला तर काटा ३ च्या पार पुढे, लाल पट्ट्यात. एसडब्ल्यूआर म्हणजे सेटने पाठवलेल्या पॉवरपैकी किती अँटेनावरून परत येतेय त्याचा हिशोब, दीडच्या खाली उत्तम, ३ म्हणजे सेटच्या जिवाशी खेळ.

सरांनी केबिनमध्ये डोकावून पाहिलं आणि विचारलं, "वायर कुणी कापली?"

मी गप्प. पोऱ्या खी खी करत होता.

मग खोक्यावर पेनाने हिशोब मांडून त्यांनी मला जे समजावलं ते मला आत्तापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सेटला ५० ओहमचा लोड लागतो. दोन अँटेना सरळ जोडल्या तर ५० आणि ५० पॅरललमध्ये २५ होतात. म्हणून ती वायर मुद्दाम ७५ ओहमची असते आणि मोजून पाऊण वेव्हलेंग्थ ठेवलेली असते, त्याने प्रत्येक अँटेना सेटच्या टोकाला ११२ ओहमची दिसते आणि दोन मिळून ५६, जमलं. २७ मेगाहर्ट्झला अख्खी वेव्ह ११ मीटर, तिचा पाऊण सव्वाआठ, पण वायरीत सिग्नल हवेपेक्षा हळू धावतो, ६६ टक्के, म्हणून ५.४५ मीटर, म्हणजे १८ फूट. म्हणजे ती वायर नुसती वायर नव्हतीच, तो एक पार्ट होता आणि मी तो पक्कडीने कापला.

७५ ओहमची म्हणल्यावर डोक्यात ट्यूब पेटली, सीसीटीव्ही कॅमेऱ्याला लागते ती आरजी ५९ वायर! पोऱ्याला एमजी रोडला पिटाळणार तेवढ्यात सर म्हणाले, "आतल्या तारेभोवतीचं प्लास्टिक फोम आहे का सॉलिड ते बघून आण. फोमवालीत सिग्नल जास्त वेगाने जातो, मग १८ फूट चालणार नाही, जवळपास २२ लागतील." पोऱ्याने दुकानातून सोलून फोटो पाठवले. तिसऱ्या दुकानात सॉलिड मिळाली.

दोन्ही फाटे सारखे कापले, उरलेली वायर सीटमागे मोठ्या सैल वेटोळ्यात ठेवली. मला ते बघवत नव्हतं, पण गप्प बसलो. काटा सव्वादोनवर आला. आता डाव्या आरशाचं ब्रॅकेट, त्याला पावडर कोटिंग, त्यामुळे अर्थिंगच मिळत नव्हतं. कानस मारून पत्रा उघडा केला, बॉडीपर्यंत जाड वेणीची अर्थिंग पट्टी टाकली. मग दोन्ही अँटेनाचे टोकाचे स्क्रू सारखेच वर खाली, चॅनल १ आणि चॅनल २७ बघत बघत. २७ च का, तर सेटवर ४० चॅनल असले तरी आपल्याकडे बिनलायसन मोकळीक २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढीच, तीही ५ वॅटपर्यंत, त्यात चॅनल २७ पर्यंतच बसतात. शेवटी १.३.

काकांनी विचारलं, दोन अँटेना म्हणजे डबल रेंज ना? सर हसले. दोन अँटेनांत निदान ९ फूट अंतर असलं तर पुढे मागे थोडा जोर वाढतो, आरशाच्या टोकांवर आपण कसेबसे तिथपर्यंत पोचलो होतो. खरा फायदा असा की मागे एवढा मोठा लोखंडी माल असताना एका बाजूची आडोशाला गेली तरी दुसरी बोलते.

बोलेरो पिंपळगावच्या दिशेने पळवली. दहाव्या मैलावरून पायलटचा आवाज स्वच्छ, "काका, इथे वडापाव गरम आहे, किती घेऊ?"

नवीन वायरीचे पैसे मी माझ्याच खिशातून दिले, शेठला बिलात लावायला तोंड नव्हतं. सरांना काय द्यायचं विचारलं तर म्हणाले पैसे नको, ते कापलेले तुकडे दे, मला कामाला येतील. मी शोधायला लागलो तर पोऱ्याने ते केव्हाच झाडून कचऱ्याच्या डब्यात टाकले होते, जास्तीची वायर लगेच फेकायची हे मीच शिकवलेलं त्याला, मग दोघांनी मिळून डबा उपसला.