बोर्ड नवा, वायर आजीच्या काळातली

शनिवार, रात्रीचा दीड.

फोनवरूनच टाइप करतोय कारण पीसीला नेट नाहीये.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून आज-उद्या करत होतो. पण माझा थर्ड जनरेशनचा आय-थ्री प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत कुठेच बसत नाही, त्यामुळे आज डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोड (मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार) गाठला आणि मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं एकदम घेऊन आलो (रॅम कितीला पडली ते लिहीत नाही, आई वाचते हे).

जोडाजोडी झकास झाली, पहिल्याच फटक्यात डिस्प्ले आला, मी खूश. मग विंडोजच्या सेटअपनं नेटवर्क मागितलं आणि गाडी तिथेच अडली. नव्या बोर्डावर रिअलटेकचं अडीच गिगाबिटचं लॅन पोर्ट (नेटची वायर खोचायची जागा) आहे, त्याचा ड्रायव्हर माझ्या पेनड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये नाही, म्हणजे नेटचा ड्रायव्हर उतरवायला आधी नेट पाहिजे! शेवटी मोबाइल यूएसबीनं लावून टेदरिंग चालू केलं, म्हणजे मोबाइलचं नेट पीसीला, ते बरं लगेच ओळखलं. ड्रायव्हर टाकला, लॅनची वायर खोचली, पोर्टचा लाइट लागला, दोन सेकंदांनी गेला, परत लागला, परत गेला. आयपी (पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता) बघितला तर १६९.२५४ नं सुरू होणारा, म्हणजे राउटरनं काही दिलेलंच नाही, पीसीनं आपला आपणच एक लावून घेतलाय.

ड्रायव्हर जुना टाकून झाला, नवा टाकून झाला, नेटवर्क रीसेट, वीज वाचवायचे सगळे ऑप्शन बंद, राउटर तीनदा बंद-चालू. काही फरक नाही. हीच वायर काल रात्रीपर्यंत जुन्या बोर्डावर व्यवस्थित चालत होती, म्हणजे नवं पोर्टच खराब. सोमवारी सुट्टी टाकून बोर्ड परत न्यायचा, लोकलमध्ये तो खोका छातीशी धरून दादरला गाडी बदलायची, या विचारानं झोप पण येत नाहीये.

रविवार, संध्याकाळ.

सकाळी उठल्या उठल्या अख्खा कॅबिनेट उचलून हॉलमध्ये नेला आणि राउटरच्या खोक्यातली हातभर वायर लावली. एका सेकंदात एक गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएस. बोर्डाला रात्रभर शिव्या घातल्या त्या परत घेतो.

म्हणजे घोळ हॉलपासून माझ्या खोलीपर्यंत माळ्यावरून गेलेल्या वायरमध्ये. पण मग कालपर्यंत कशी चालत होती? कॅबिनेट खोलीत परत नेला, अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये स्पीड ऑटोवरून शंभर एमबीपीएस फुल डुप्लेक्स केला आणि लांब वायर लावली, तर लाइट एकदम शांत, नेट चालू. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. वायरमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. शंभरच्या लॅनला त्यातल्या दोनच लागतात, एक-दोन आणि तीन-सहा नंबरच्या तारांच्या. गिगाबिटला चारही लागतात. गंमत अशी की स्पीड किती ठेवायचा ही बोलणी त्या पहिल्या दोन जोड्यांवरच होतात, त्यामुळे राउटर आणि बोर्ड दोघं आनंदात गिगाबिट ठरवतात, उरलेल्या जोड्या वापरायला जातात, तिथे काही मिळत नाही, लिंक पडते, परत पहिल्यापासून बोलणी. जुन्या बोर्डाचं पोर्टच शंभरचं होतं म्हणून त्याला कधी कळलंच नाही.

आणि मी तीन वर्षं दोनशे एमबीपीएसच्या प्लॅनवर चौऱ्याण्णव स्पीड येतो म्हणून केबलवाल्या पोराशी भांडतोय. तोच आज वायर तपासायचा टेस्टर घेऊन आला. एक, दोन, तीन नंबरच्या तारांचे लाइट लागले, चार-पाच नाही, मग सहा, सात, आठ. "दादा, निळी जोडी नाहीये तुमची." कनेक्टर कापून बघितला तर खरंच निळी आणि पांढरी-निळी आत गेलेलीच नाही, बाहेरच्या बाहेर वळवून कपाटामागच्या लँडलाइनच्या डबीत घातलेली.

तेवढ्यात बाबा दारात. "अरे ती निळी मी घेतली होती, आजीच्या फोनला."

ही खोली आधी आजीची. फोन वाजला की तिला हॉलपर्यंत धावायला लागू नये म्हणून बाबांनी लॅनच्या वायरमधलीच एक जोडी काढून तिच्या उशाशी फोन दिला होता. लँडलाइन बंद होऊन किती वर्षं झाली, डबी तशीच कपाटामागे. मी म्हटलं रात्री दोनपर्यंत जागलो मी, तर म्हणे "मला उठवायचंस ना." केबलवाला हसत होता, मी काही बोललो नाही, चौऱ्याण्णवचा विषय आज माझ्याकडूनच बंद.

दोन्ही टोकं कापून नवीन कनेक्टर क्रिम्प केले, म्हणजे दाबून बसवले, केशरीपासून तपकिरीपर्यंत सगळे रंग ओळीत. टेस्टरवर आठही लागले, स्पीड परत ऑटोवर टाकला, पहिल्याच टेस्टला दोनशेच्या वर. कापाकापीत वायर मात्र वीतभर कमी झाली आणि पीसीपर्यंत पोचेना, म्हणून टेबल सरकवलं. आता कपाटाचं एक दार अर्धंच उघडतं आणि आईच्या ठेवणीतल्या साड्या नेमक्या त्याच बाजूला आहेत.