पाणी कमी पडायलंय

रविवार, रात्री साडेअकरा

येळवस (वेळ अमावस्या, रानात पूजा करून जेवायचा आमच्याकडचा सण) होऊन दोन दिवस झाले, सगळ्या भाज्या एकत्र केलेली भज्जी अजून फ्रीजमध्ये आहे आणि आमच्या जुन्या सलूनवाल्या मामांचं ते वाक्य अजून माझ्या डोक्यात आहे.

परवा रानात पांडवांची पूजा झाली, कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली आणि मामा नेमके माझ्या शेजारी. ते येणारेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. रस्त्यात दिसले की मी गाडीवरूनच मान हलवून पुढं निघतो, इतकी वर्षं तसंच चाललंय, आता मांडीला मांडी लावून बसल्यावर कुठं पळणार. आंबिलीचा दुसरा ग्लास घेताना त्यांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणले, "सर, पाणी कमी पडायलंय तुमचं."

मी आपला समोरच्या हरभऱ्याकडं बघत म्हणलो, नाही ओ मामा, यंदा विहीर पार वरपर्यंत आहे.

"विहिरीचं न्हाई ओ. गालावरचं." आणि स्वतःच्याच गालावरून उलटा हात फिरवून दाखवला.

मेव्हणा एवढ्या जोरात हसला की पोरं वळून बघायला लागली. मग कुणीतरी उंडे वाढायला आलं, विषय सोयाबीनच्या भावावर गेला, संपलं. एवढंच झालं. सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काहीच नाही, म्हणून तर लिहायला बसलोय.

मला राग आलाय का? पहिल्या रात्री वाटलं राग आलाय. अरे मी काय नवशिक्या आहे का. कपाटात नऊ डब्या आहेत, नऊ, आणि एकेक सहाशे-सातशेची, हाताने बनवलेल्या दाढीच्या साबणाच्या. (हिला चार माहीत आहेत.) डबीमागचं बारीक अक्षर मी चष्मा लावून वाचतो. फेस घट्ट करणारं स्टिअरिक ॲसिड किती वर लिहिलंय, नुसता सोडियमचा साबण आहे का पोटॅशियम हायड्रॉक्साइड पण घातलंय, कारण सोडियमचा साबण आंघोळीच्या वडीसारखा टणक होतो आणि पोटॅशियमचा मऊ, पाण्यात लवकर विरघळणारा, आणि दाढीचा फेस सायीसारखा यायला तो लागतोच. कोकम बटर, खोबरेल, ग्लिसरीन. बाहेरच्या देशातल्या बऱ्याच डब्यांत जनावराची चरबी असते, लोक तिचं फार कौतुक करतात, पण घरात माळकरी आई, तो विषय काढायचाच नाही. म्हणजे एवढा सगळा अभ्यास करून माणूस भर पंगतीत ऐकतो काय, तर पाणी कमी पडायलंय. एवढं तर मला हिनं पण कधी बोलून दाखवलेलं नाही.

आणि मी कुणासाठी करतो हे? कुणी बघतं का? वर्गात पोरांना सरांची दाढी दिसत पण नाही. सकाळी वीस मिनिटं आरशापुढं एकटाच उभा असतो, ब्रश फिरवत, येड्यासारखा.

बरं, लातूरच्या माणसाला पाणी कमी पडतंय म्हणायचं म्हणजे काय! 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही इथंच होतो. त्या उन्हाळ्यात मी वाटीभर पाण्यात दाढी उरकायचो, ब्रश नुसता टेकवून ओला करायचा. ती सवय हाताला लागली ती लागलीच, आता नळ सोडायला हातच होत नाही. काल दिवसभर मी मनातल्या मनात मामांना हेच उत्तर देत होतो, चांगलं ठासून. मग संध्याकाळी भाजी आणायला गेलो आणि आठवलं की त्याच उन्हाळ्यात मामा पण दुकानात वाटीभरच पाणी घ्यायचे. आणि त्यांचा फेस कधी कोरडा नव्हता. झालं, उत्तर तिथंच गळालं.

मामांचं काम डोळ्यापुढं येतं ते असं. ब्लेड कागदासकट मधोमध कट्कन मोडायचे, अर्धं वस्तऱ्यात, अर्धं कागदात परत, "नवं लावलंय बघा" हे दरवेळी म्हणायचेच. फेस वाटीत नाही, थेट गालावर. टीव्हीकडं बघत बघत ब्रश गोल फिरवायचा, मध्येच टोक पाण्यात टेकवायचं, परत फिरवायचा, ते कितीदा टेकवायचे हे मी कधी मोजलंच नाही, डोळे मिटलेले असायचे माझे. मग डाव्या अंगठ्यानं कानापाशी कातडी ताणून पहिला हात सुलटा, परत फेस, मग उलटा, शेवटी तुरटी. उलट्या हाताला सुद्धा कधी आग झाली नाही. साबण कुठला? गोदरेजचा गोल. त्याचं वरचं कागद मी कधी वाचलं नाही.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद झालं, तिथून हे सुरू झालं. 28 जून 2020 ला दुकानं उघडली तेव्हा फक्त कटिंगची परवानगी होती, दाढीला हात लावायचा नाही. मी म्हणलो ठीक आहे, तोवर घरीच. तोवर. मग कटिंगला पण कॉलेजजवळ एसीवालं झालं, पार्किंग आहे, गर्दी नसते, आणि असंच.

मामांनी परवा "सर, येत नाही तुम्ही" असं म्हणलं असतं ना, तर माझ्याकडं तयार होतं सगळं. गडबड असते मामा, पोरीची ॲडमिशन, आईचं दुखणं. पण ते विचारलंच नाही त्यांनी. सरळ गालच वाचला. हेच टोचतंय मला, रागबिग काही नाही. टोमणा होता का तो? का खरंच नुसतं कामाचं बोलले, मिस्त्री दुसऱ्याच्या भिंतीकडं बघून बोलतो तसं? ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. ते राहू दे.

तर आज रात्री जेवणं झाल्यावर बाथरूमची कडी लावली.

आधी एक कबूल करतो. महिनाभर मी दाढीला आरओचं वाया जाणारं पाणी घेत होतो. ही ते बादलीत साठवते, फरशी पुसायला, मला वाटलं आरओमधूनच आलंय, चांगलंच असणार. डोकं चाललं नाही की आरओ पिण्याच्या पाण्यातले क्षार काढून टाकतं ते जातात कुठं, त्याच बादलीत. म्हणजे ते आपल्या बोअरपेक्षा जड. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही हे घरात शेंबड्या पोराला माहीत, साबणाला पण तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम आडवं येतं, साबण फेस व्हायच्या ऐवजी त्याचा पांढरा चोथा होऊन वाटीला चिकटतो. मी त्या महिन्यात दोन डब्या "बेकार" म्हणून मागं सारल्या होत्या. त्यांची माफी.

आज पिण्याचं पाणी घेतलं, एक तांब्या, आणि चहाचा चमचा. ब्रश झटकून डबीवर तीस सेकंद फिरवला, साबण चांगला भरून घेतला. वाटीत घुसळलं. फेस असा उभा राहिला की बास, टोकं निघाली त्याला, आरशात बघून कुणालाही वाटेल काय फेस केलाय. हाच माझा रोजचा फेस. याच्यावरच तर मी खूष असतो. चिमटीत धरून बोटं एकमेकांवर घासली, आणि घासलीच गेली, घसरली नाहीत. रसवंतीत अर्धा ग्लास नुसता फेसच येतो ना, तोंड लावलं की रस खाली दोन बोटं, तसलं. सगळी हवा. गालावर एक पट्टा मारला तर पात्याचा करकर आवाज.

एक चमचा पाणी घातलं, घुसळलं. टोकं वाकली. अजून एक. चमक आली. परत अर्धा, आणि आता तो फेस बसला, पातळ दह्यासारखा झाला, जीव कळवळला माझा, वाटलं गेला सातशेच्या डबीतला एक दिवस वाया. तरी चिमटीत धरला तर बोटं सुळकन निसटली. भेंडी चिरून हात धुताना होतं तसं बुळबुळीत नाही, त्याहून बारीक, तेलकट नसलेलं निसरडं. लावला. दिसायला काहीच नाही, गालाची कातडी दिसत होती फेसातून. आणि पातं गेलं ते आवाज न करता. फेस निघाल्यावर सुद्धा ओला हात गालावर ठरत नव्हता. उलटा हात मारला, हनुवटीखाली, जिथं रोज पुरळ उठतं तिथं पण. तुरटी फिरवली, जेमतेम चुणचुणलं.

अडीच चमचे पाणी. साडेपाच वर्षं, नऊ डब्या, आणि अडीच चमचे.

मला एकदम हसायलाच आलं. बाहेरून ही म्हणली, "अहो, रात्री कुणावर हसायलाव?" मी म्हणलो दाढी करतोय. "आत्ता?" मग थोड्या वेळानं, "ती कपाटातली पाचवी डबी पण माझ्या लक्षात आलीय." पाचवीच. मी गप्प.

गालावरून सारखा हात फिरवतोय. मामांना दाखवावं वाटतंय, म्हणजे सांगायचं काही नाही, नुसतं दुकानात जाऊन खुर्चीत बसायचं. पण उद्या सोमवार, दुकान बंद. मंगळवारी आई दाढीला हात लावू देत नाही. बुधवारी जावं तर आज एवढी तुळतुळीत केलीय की मामा काय काढतील, चार दिवस तरी ठेवावी लागेल. आणि जाताना त्यातली एखादी डबी न्यावी का रिकाम्या हातानं जावं, गोदरेजच्या गोलापुढं ती काढून ठेवली तर कसं दिसेल, काही ठरत नाही.