पंधरा पिल्ले आणि पहिले सहा आठवडे

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी एका दिवसाची पंधरा पिल्ले घरी आणली. आमचे गाव वाईजवळ आहे आणि त्या दिवसांत तेथला पहाटेचा गारठा चांगलाच बोचतो. घरी कोंबड्या असाव्यात ही माझी लहानपणापासूनची इच्छा होती. पण खुडूक कोंबडी, तिच्याखाली रवणाला ठेवलेली अंडी, डालग्याखाली झाकलेली पिल्ले हे सारे मी आजोळी नुसते पाहिलेले होते, स्वतःच्या हाताने काहीच केलेले नव्हते. शिवाय ही पिल्ले उबवणी यंत्रातली असल्यामुळे त्यांच्यासोबत आई नव्हती. कोंबडी पिल्लांसाठी किती कामे करते, हे मला त्यातले प्रत्येक काम अंगावर पडल्यावर समजत गेले.

भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून तीन तास प्रवास करून पिल्ले आली, तेव्हा ती उपाशी असतील या काळजीने मी व्याकूळ झाले होते. परंतु अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर दोन दिवस सहज तग धरते. रवणातली सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. मागे राहिलेल्या अंड्यांवर कोंबडी बसून राहते, आणि तोवर आधी निघालेल्या पिल्लांना दाण्यापाण्यावाचून राहता यावे अशी ही व्यवस्था आहे. पाणी मात्र लवकर द्यावे लागते. मी कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवला, उथळ ताटलीत ओतला, पिल्ले बुडू नयेत म्हणून त्यात स्वच्छ धुतलेले खडे टाकले आणि एकेकाची चोच हळूच त्यात टेकवली. पहिल्या पिल्लाने चोच बाहेर काढली, क्षणभर तसेच थांबले, मग मान पूर्ण वर करून डोळे मिटले आणि तो थेंब घशाखाली उतरवला. दोघातिघांनी असे केल्यावर उरलेल्यांना शिकवण्याची गरज राहिली नाही, ती एकमेकांचे बघूनच ताटलीशी आली.

उबेची तयारी मी आदल्या दिवशीच केली होती. पिल्ले कोपऱ्यात दाटीवाटी करून एकमेकांखाली चिरडतात, म्हणून पुठ्ठ्याचा गोल कडा उभा केला, खाली भाताचे तूस पसरले आणि वर साठ वॅटचे दोन बल्ब टांगले. हे बल्ब जुन्या पद्धतीचे, तारेचे, पिवळ्या प्रकाशाचेच हवेत; हल्लीच्या एलईडी दिव्यांनी उजेड पडतो, पण ऊब मिळत नाही, आणि तारेचे बल्ब मिळवायला मला चार दुकाने फिरावी लागली. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली साधारण ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी उतरवायचे असते. एवढे सगळे ठाऊक असूनही, वीज गेली तर काय करायचे याचा विचार मी केला नव्हता.

त्याच रात्री वीज गेली आणि मी झोपेत होते. पहाटे जाग आली ती पिल्लांच्या आवाजाने. एरवीची बारीक, समाधानाची कुजबुज आणि हा आवाज यांत फार अंतर होते. हा चढा होता, तुटक होता आणि थांबत नव्हता. सगळी पिल्ले एकमेकांवर चढून एक ढीग झाला होता आणि त्या ढिगाच्या तळाशी दोन पिल्ले गेलेली होती. उरलेल्या तेरांना ओढणीत गुंडाळून मी शेजारच्या काकूंकडे धावले. काकूंच्या घरी चाळीस वर्षे कोंबड्या आहेत. त्यांनी एक शब्दही न बोलता चुलीवर पाणी ठेवले, बाटल्यांत भरले, त्यांवर जुने फडके गुंडाळले आणि पिल्लांच्या भोवती त्या बाटल्या लावून वरून डालगे आणि गोधडी टाकली. हवेसाठी एक बाजू उघडी ठेवली. मग एक पिल्लू उचलून त्याचे पाय त्यांनी स्वतःच्या गालाला लावले. “पाय गार लागले की समजायचं, पिल्लू गारठलंय. हे बघ, अजून गारच आहे,” असे म्हणून त्यांनी ते माझ्या गालाला लावले. काडीएवढ्या त्या पायांचा गारवा मला अजून आठवतो.

त्या दिवसापासून मी थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे अधिक पाहू लागले. सगळी दिव्याखाली गोळा झाली असली तर ऊब कमी पडते आहे; सगळी कडेला सरकून, पंख सैल सोडून, चोच उघडून धापा टाकत असली तर ऊब जास्त झाली आहे; एकाच बाजूला लोटली असली तर कुठून तरी वारा येतो आहे; आणि कुणी खाते आहे, कुणी पाय पसरून झोपले आहे, अशी विखुरलेली दिसली की सगळे ठीक आहे. नव्याने पिल्ले आणणाऱ्या कोणालाही मी प्रथम हेच सांगेन. झोपलेले पिल्लू मान टाकून इतके निपचित पडते की पहिल्यांदा पाहताना काळजाचा ठोका चुकतो, पण बोट लावताच ते उठून चालू लागते.

चौथ्या दिवशी एका पिल्लाची विष्ठा मागच्या बाजूला चिकटून वाळली होती. वेळीच न काढल्यास पिल्लाची वाट बंद होते आणि ते दगावते. ती ओढून काढली तर कोवळी कातडी सोलते, म्हणून कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती मऊ करून काढली, जागा कोरडी केली आणि बोटाने खोबरेल तेल लावले.

खाण्यासाठी मी पिल्लांचे तयार खाद्य आणले. त्यात प्रथिने वीस टक्क्यांच्या आसपास असतात. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर वाढ खुंटते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य मात्र पिल्लांना देऊ नये, कारण त्यातला जास्तीचा चुना त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही.

लसीकरणात थोडी ओढाताण झाली. सातव्या दिवशी मानमोडी या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा ही लस डोळ्यात एक थेंब टाकून द्यायची असते, पण तिची सर्वांत लहान बाटली मला शंभर पिल्लांची मिळाली. एकदा कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते, म्हणून काकू आणि पलीकडच्या आळीतले एक घर अशा तिघांनी मिळून बाटली घेतली आणि ती बर्फाच्या थर्मासमध्ये घालून आणली. थेंब डोळ्यात पडल्यावर पिल्लाने पापणी मिटून उघडेपर्यंत त्याला सोडायचे नाही, हे पशुवैद्यांनी आवर्जून दाखवले. पुढे चौदाव्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस झाली आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा दिली.

पाचव्या आठवड्यापर्यंत कापसासारखी लव जाऊन अंगभर पिसे आली होती आणि दिवे काढून टाकले होते. सहाव्या आठवड्यात परसातले खुराडे तयार झाले. बारीक जाळी लावून घेतली होती, कारण आमच्याकडे मुंगसे पुष्कळ आहेत. दिवसभर तेरा पिल्ले माती उकरत, धुळीत लोळत फिरली. घार वर घिरट्या घालू लागली तेव्हा काकूंच्या कोंबडीने पलीकडून इशारा दिला, आणि आईविना वाढलेली माझी पिल्लेही क्षणात जास्वंदीच्या झुडपाखाली शिरली. संध्याकाळी मात्र ती खुराड्यात जाईनात. अंधार पडू लागला तशी एकामागोमाग एक पायरी चढून ती पडवीत आली आणि जेथे पहिले काही आठवडे दिवा टांगलेला होता, त्या रिकाम्या जागेखाली एकमेकांना चिकटून बसली. मी एकेकाला उचलून खुराड्यात नेऊन ठेवले. असे सलग चार संध्याकाळी करावे लागले. पाचव्या दिवशी मी दिवेलागणीला बाहेर आले, तेव्हा तेराही पिल्ले आत काठीवर ओळीने बसलेली होती.