नऊनंतरचं फोर्ट

मंगळवार, रात्री पावणेअकरा. सीएसएमटीजवळचं लॉज.

दाराला आतून कडी लावली, ओढून पाहिली आणि मग लिहायला बसले. दोन वर्षांपूर्वी मुंबईतल्याच एका लॉजवर कडी नुसतीच लटकत होती आणि ते माझ्या लक्षात आलं रात्री साडेअकराला. दाराला टेबल लावून जागी राहिले. तेव्हापासून पैसे भरायच्या आधी खोली बघते, कडी स्वतः लावून बघते. मॅनेजरला राग आला तर येऊ दे.

आज टाउन हॉलमधलं व्याख्यान लांबलं. बाहेर पायऱ्यांवर आले तेव्हा नऊ वाजून गेले होते. दुपारी याच हॉर्निमन सर्कलला रस्ता ओलांडताना जीव मेटाकुटीला आला होता. आता बागेचं फाटक बंद, बँकांची शटर खाली आणि रस्ता मोकळा. सोलापुरात या वेळी नवी पेठेत बायकामुलं फिरत असतात, त्यामुळे नऊ म्हणजे रात्र असं मला वाटतच नाही. पण फोर्टात राहणारी माणसं थोडी. ऑफिसं सुटली की लोक लोकलने विरार, कल्याण, पनवेलकडे निघून जातात. दिवसाची गर्दी पाहून रात्रीचा अंदाज बांधला, तिथेच चुकले.

दोन टॅक्सीवाले एवढ्या जवळ यायला तयार नव्हते. म्हणून फोनवर नकाशा उघडला. त्याने बाजारगेटच्या बाजूने गल्लीगल्लीतून जवळचा रस्ता दाखवला आणि मी निघाले. स्क्रीनकडे बघत चालत होते. तोंडावर उजेड, बाकी सगळा अंधार. दुसऱ्या वळणावर मागे पावलं ऐकू आली. मी हळू झाले, ती पावलंही हळू झाली. छातीत धस्स झालं. पुढे एका एटीएमच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर वॉचमन बसले होते. सरळ त्यांच्याजवळ गेले.

“काका, दोन मिनिटं इथं थांबू का?”

त्यांनी काही विचारलं नाही. उठले, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः पायरीवर रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मागचा माणूस आमच्याकडे न बघता निघून गेला. कदाचित बिचारा घरीच चालला असेल. तरी मी थांबले ते बरंच केलं. काका साताऱ्याकडचे निघाले. म्हणाले, “ताई, गल्लीतनं नका जाऊ. फाउंटनवरनं जावा. लांब पडतंय, पण तिकडं माणूस असतोय.”

मग मागे फिरून वीर नरिमन रोडने हुतात्मा चौकात, म्हणजे काकांच्या फाउंटनला आले. फुटपाथवरच्या पुस्तकांच्या थप्प्यांवर निळी ताडपत्री टाकून एकजण दोरी आवळत होता. दोरीचं एक टोक दातात, दुसरं हातात. त्याच्याकडे बघूनच जीव थोडा भांड्यात पडला. पुढे डी. एन. रोड. तिथल्या कमानी उन्हापावसात किती सोयीच्या, पण रात्री प्रत्येक खांबाआड अंधार असतो, म्हणून मी कमानीबाहेरून, रस्त्याच्या कडेकडेने चालले. एका कमानीखाली एक कुटुंब झोपलं होतं, आई लेकराला थोपटत होती. आपण उगाच अशांना घाबरतो. मला तर तिथून जाताना धीर आला.

स्टेशनजवळच्या भुयारी मार्गात दुकानं आवरत होती, पण लोकल गाठायला धावणारे पुष्कळ होते. त्यांच्यातूनच पलीकडे निघाले.

उद्या रात्री घाटकोपरला मामेबहिणीकडे जायचंय. तिने फोनवर बजावलं: महिलांच्या सगळ्या डब्यांवर ‘24 तास’ लिहिलेलं नसतं, ते वाचूनच चढ. रात्री महिला डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो, तो दिसेल तिथे बस. रिकाम्या डब्यात एकटी बसू नकोस, त्यापेक्षा भरलेल्या जनरल डब्यात उभी राहा. रेल्वेसाठी 139, बाहेर 112, मुंबईत बायकांसाठी 103. तिन्ही नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहिले, लॉजच्या पत्त्याखाली. टॅक्सी मिळाली तर आधी तिचा नंबर घरच्या ग्रुपवर टाकायचा, मग दार आतून उघडतं ना ते बघायचं. रात्री बारा ते पाच मीटरवर पंचवीस टक्के जास्त द्यावे लागतात, तेवढे सुटे वेगळे ठेवलेत. जास्तीच्या पैशांसाठी मी आता मागेपुढे बघणार नाही.

सकाळी चहाच्या आधी आजचा रस्ता उजेडात एकदा चालून येणार आहे. औषधाचं दुकान कुठे, पोलीस चौकी कुठे, कुठल्या दारात वॉचमन बसतो, सगळं नीट बघून ठेवते. काकांची ड्युटी तोवर संपली नसली म्हणजे मिळवलं. घाबरून निघताना त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

फोन चार्जिंगला लावला. नऊ टक्के बॅटरी उरली होती.