आमची वाटचाल : नाकाच्या पलीकडची माडग्याळ

सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून ओळखली जाणारी ही मेंढी. उंच, लांब मानेची, लोंबत्या कानांची, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग, आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. वडिलांचा कळप होताच. आम्ही भावांनी त्याचा पैदाशीचा फार्म केला, तेव्हा भावकीतून विचारणा झाली, "मेंढरं राखायला फार्मची पाटी कशाला लागतीय?"

पाटीपेक्षा वही जास्त उपयोगी पडली. कोणती मेंढी कोणत्या बालिंग्याला (पैदाशीच्या नराला) दाखवली, कोकराचं जन्मताचं वजन, तीन महिन्यांचं वजन, आईला दूध किती, सगळं कानातल्या बिल्ल्याच्या नंबरावर. बाप लेकीवर जाऊ नये म्हणून नर बदलत राहतो. गाभणकाळ पाच महिन्यांचा, त्यामुळे चुकीच्या जोडीचा हिशोब फार उशिरा कळतो.

२०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळी मेंढ्याला ७० लाखांची मागणी झाली आणि मालकानं तरी दिला नाही. बातमी सगळीकडे गेली. मग फोनवर एकच मागणी: "नाकाचा फोटो पाठवा." फोटो पाठवतो, पण दर नाकावर लावत नाही. दातांची चावण जुळते का, पाय सरळ आहेत का, आईनं आधीची कोकरं कशी वाढवली, हे बघायला या म्हणतो. निम्मे येत नाहीत. (जे येतात ते चहा पिऊन वही चाळतात, आणि शेवटी नाकच बघतात!)

आता जरा नावडती गोष्ट. माडग्याळी नर दख्खनी मेंढ्यांवर सर्रास सोडतात, कारण कोकरं लवकर भरतात आणि बकरी ईदला उठतात. पण माडग्याळला लोकर नावालाच. घोंगडीची काळी, राठ लोकर देणारी, कोकणापर्यंत चालत जाणारी दख्खनी अशानं कळपाकळपातून पातळ होत चालली. म्हणून वेगळ्या वाड्यात आम्ही थोड्या अस्सल दख्खनी राखल्यात. लोकरीतून कातरणीचा खर्चही निघत नाही. आई म्हणते, "असू दे, घोंगडं तरी घरचं हाय."

जुळ्यांसाठी विचारणाऱ्यांना फलटणला पाठवतो. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गॅरोल मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. माडग्याळला बहुधा एकच कोकरू होतं, ते आम्ही आधीच सांगून टाकतो.

बालिंगा देण्याआधी आम्ही तुमच्या कळपात काय आहे ते विचारतो. दख्खनी असतील तर दख्खनीच नर दाखवतो. त्यात आमचा पैसा कमी सुटतो.