नवरदेवाच्या आधी गाडीला हळद

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं रेडिएटर रिपेरिंगचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. पूर्वी ट्रक, ट्रॅक्टर, ॲम्बॅसिडर, नुसती रांग असायची. आता ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या, त्याला कथलाचा डाग बसत नाही, लोक सरळ नवीन टाकतात. त्यामुळं तांब्या-पितळेचा रेडिएटर आला की मला जरा बरंच वाटतं.

गेल्या मे महिन्यात कागलकडचे एक आबा टेम्पोत गाडी घालून आले. बेबी ऑस्टिन, म्हणजे ऑस्टिन सेव्हन, ७४७ सीसीची, कागदावर १९३३ साल. त्यांच्या वडलांची गाडी. म्हणाले, "मिस्त्री, परवा नातवाची वरात हिच्यातनं काढायची हाय, आणि ही खालनं मुतायला लागलीय." असं बोलल्यावर नाही कोण म्हणणार.

रेडिएटर उतरवला आणि पाणी काढलं तर पाणी पिवळंधमक. मी हसायलाच लागलो. आबांनी ओशाळून सांगितलं, ड्रायव्हरनं पावशेर हळद ओतली होती. तसा हा उपाय खोटा नाही, रस्त्यात अडकलात तर हळद भिजून बारीक भोकात जाऊन बसते आणि घरापर्यंत पोचवते. पण घरी पोचल्यावर ती धुऊन काढायची असते ना, हिनं सहा महिने आत राहून निम्मी जाळी लिंपून टाकली होती. दुकानातलं पोरगं म्हणालं, "नवरदेवाच्या आधी गाडीलाच हळद लागली की ओ."

कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात घातला, नळाखाली उलटा धरून धुतला, तासाभरानं स्वच्छ पाणी यायला लागलं. मग तोंडं रबरानं बंद करून हौदात बुडवला आणि हवा सोडली. इथं माझी चूक झाली ती सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. प्रेशर कॅपच्या, म्हणजे पाणी दाबाखाली धरणाऱ्या झाकणाच्या, गाड्यांना मी १०-१२ पौंड हवा देतो, हाताला तीच सवय, तेवढीच दिली. एका ठिकाणचे बुडबुडे दिसतायत तोवर खालच्या टाकीचा सांधा फस्स करून उघडला. ह्या गाडीला प्रेशर कॅपच नाही, पाण्याचा पंपही नाही! जाळीवर नुसतं दीड फूट पाण्याचं वजन, ते एक पौंडही भरत नाही. नव्वद वर्षांच्या म्हातारीच्या छातीवर मी पैलवान बसवला. आबा बाहेर चहा पीत होते, त्यांना तेव्हाच जाऊन सांगितलं. काही बोलले नाहीत, फक्त दुसरा चहा मागवला.

रात्री दहापर्यंत बसलो. अशा कामात डाग देणं अवघड नसतं, शेजारचा डाग सांभाळणं अवघड. साठ-चाळीसचं कथील, म्हणजे साठ टक्के कथील नि चाळीस टक्के शिसं, १९० डिग्रीच्या आतच पाणी होतं, एक सांधा तापवला की चार बोटांवरचा सुटायला लागतो. म्हणून ओली फडकी गुंडाळायची, बत्ती लांबनं फिरवायची, आणि खरं काम तांब्याच्या डागणीनंच करायचं. त्याआधी पितळ घासून लख्ख करायचं, जस्त टाकून मारलेलं ॲसिड लावायचं, नाहीतर कथील मोत्यासारखं घरंगळतं, धरतच नाही. खालचा सांधा अख्खा उघडून नव्यानं डागला. मग तीन पौंडांवर बघितलं, एक बुडबुडा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला बसवून पाठवला आणि दुपारी फोन, "मिस्त्री, परत गळतंय." पोटात गोळाच आला, वरात दुसऱ्या दिवशी. मोटारसायकल काढून कागल गाठलं. खाली खरंच ओलं होतं, पण जाळी कोरडी, सांधे कोरडे, पाणी येत होतं ओव्हरफ्लोच्या बारक्या नळीतनं. ड्रायव्हर पोरगा दर वेळी गळ्यापर्यंत काठोकाठ भरत होता, गाडी तापली की पाणी फुगून नळीतनं बाहेर, की ह्यानं परत भरलंच. ह्या गाडीत पाणी आपली पातळी आपणच धरतं. इंजिनातनं येणारा वरचा पाइप बुडला पाहिजे एवढंच बघायचं, त्याच्या खाली गेलं तर मात्र पाण्याचं फिरणं बंद. त्याला पटेना, पंपाशिवाय पाणी फिरतंय कसं? त्याला गच्चीवरचा पाणी तापवायचा सोलर दाखवला. तापलेलं वर चढतं, गार खाली उतरतं, तिथं कुठं मोटर लावलीय? मग पटलं.

वरातीला आबांनी मलाही बोलावलं, आणि मी पाण्याचा कॅन घेऊनच गेलो. गळतीची भीती नव्हती. मे महिना, बँजोपार्टीच्या मागनं मुंगीच्या पावलानं चालायचं, समोरनं वारं नाही, अशात चांगला रेडिएटरही काय करणार. मारुतीच्या देवळापाशी झाकणातनं वाफ आली. आबा कॅन घेऊन धावले, मी हातच धरला, उकळत्याचं झाकण काढायचं नाही आणि गार पाणी तर अजिबात नाही, इंजिनाला तडा जाईल. इंजिन बंद करायला लावलं आणि नाचणाऱ्यातली सहा पोरं मागं लावली. तिथनं मांडवापर्यंत गाडी ढकलतच नेली. बँजोच्या आवाजात नवरदेवाला काही कळलं नाही, तो आपला फेटा सांभाळत ऐटीत बसला होता.

खालनं थेंबही पडला नव्हता, मी वाकून बघितलं.