दगड वाहून गेले नव्हते

अमावास्येचं उधाण ओसरलं आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा एक तुकडा मधेच बसलेला दिसला. आमच्याकडे अशा वेळी पुढचं सगळं ठरलेलं असतं: पाहणी, फोटो, 'लाटांच्या माऱ्याने दगड वाहून गेले' हे वाक्य आणि आणखी दगडांचं अंदाजपत्रक.

पण वाहून गेलेले दगड कुठेतरी सापडायला हवेत ना? टनाटनाचे काळे दगड लाटेने उचकटले तरी आसपासच पडतात. ओहोटीला सगळा पुळणीचा पट्टा धुंडाळला, एकही नाही. एक म्हातारे तांडेल म्हणाले, "साहेब, समुद्राने नाय नेले, वाळूने गिळले." कंत्राटदार हसला.

घणाने ठोकत सळई उतरवली. कमरेइतकी गेली आणि दगडावर वाजली. पोकलेन लावला. खड्डा पाण्याने भरायच्या आत जेवढं दिसलं, त्यात पायथ्याचे दगड होते. रांग न मोडता, सरळ खाली उतरलेले. पाण्याने पायथा उकरला असता तर ते समुद्राच्या अंगाला गडगडले असते.

लाट आदळते तेव्हा बंधारा मोडतो, असं सगळे धरून चालतात. पायथ्याच्या वाळूला खरा धोका असतो लाट मागे सरून खळगा येतो तेव्हा. तळावरचा दाब झटकन उतरतो, पण बारीक वाळूत कोंडलेल्या पाण्याचा दाब मागे रेंगाळतो. त्या पाण्यात थोडी हवा असेल तर जास्तच. मग आतलं पाणी वर रेटू लागतं. बुडालेल्या वाळूचं वजन घनमीटरला जेमतेम टनभर. म्हणजे मीटरभर थराच्या खाली वरच्यापेक्षा मीटरभर पाण्याइतका दाब जास्त झाला, की कणांचा एकमेकांवरचा भार संपतो. वाळू क्षणभर पातळ होते, दगड थोडा उतरतो. पुढच्या खळग्याला आणखी थोडा. सैल वाळूत तर लाटेगणिक दाब साठतही जातो.

आणि उधाण सरलं की तीच वाळू घट्ट. पाहणीला आलेल्या साहेबांनी तिच्यावर बूट आपटून विचारलं, "ही खचेल कशी?"

खड्ड्यात दगडांखाली थेट वाळू लागली. तिथे पाण्याला वाट आणि वाळूला अटकाव करणारा थर हवा: जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं कापड, नाहीतर चाळणीने निवडलेली खडी. खडीसाठी मृदा-अभियंता टर्झागीचा जुना नियम साधा आहे: खडीचा डी-१५ (ज्याहून बारीक कण वजनाने १५ टक्के असतात तो आकार) वाळूच्या डी-८५च्या (तसाच ८५ टक्क्यांचा आकार) चार-पाच पटींहून मोठा नको. इथे कापड उतारावर व्यवस्थित पसरलेलं आणि पायथ्याच्या अलीकडेच संपलेलं. नकाशात ते पायथ्याखालून वळवलेलं आहे. एमबीतही, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमाप-वहीतही, तशीच नोंद आहे.

अहवालातला माझा दाबाचा परिच्छेद वर गेल्यावर गळला, 'लाटांच्या माऱ्याने' परत आलं. मला अजून उलगडत नाही ते एवढंच, की हे दगड त्या एका उधाणात उतरले, की गेले काही पावसाळे इंच इंच उतरत होते आणि यंदा ते माथ्यावर दिसलं? वाळूत दाबमापक पुरलेला असता तर कळलं असतं. मागणी केली आहे. दगडांच्या गाड्या मात्र सुरू झाल्या आहेत, त्याच जागी, कापडाशिवाय.